इम्युनिटी वाढवू की गोळी चालू ठेवू?

पत्र आलंय मिरजेहून, जरा छोटं करून देते:

"ताई, मी ३० वर्षांची, एका पतसंस्थेत काम करते. दोन वर्षांपूर्वी डाव्या ओव्हरीत चॉकलेट सिस्ट निघाली, एंडोमेट्रिओसिस आहे म्हणाले, तेव्हापासून डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी चालू आहे. पाळी बंद आहे, दुखणं बरंच कमी झालंय पण पूर्ण गेलेलं नाही, मधूनच स्पॉटिंग होतं. आता इन्स्टावरची एक हेल्थ कोच म्हणते की हा ऑटोइम्युन आजार आहे, इम्युनिटी कमी असल्याने होतो, मूळ कारण इन्फ्लमेशन आणि हार्मोनची गोळी फक्त लक्षणं दाबते. तिचा ९० दिवसांचा इम्युनिटी रीसेट आहे २२ हजारांचा, त्यात गुळवेल, हळदीच्या कॅप्सूल, गहू-दूध बंद आणि गोळी हळूहळू सोडायची. मी सीआरपी (इन्फ्लमेशनची रक्ततपासणी) करून घेतला तर तो नॉर्मल आला, मग इन्फ्लमेशन आहे कुठे? जपानमध्ये म्हणे याचा बॅक्टेरिया सापडलाय, तर अँटिबायोटिक मागून घेऊ का? आणि खरं सांगते, रात्री सारखं मनात येतं की मीच काहीतरी केलं असणार, होस्टेलवर असताना बाहेरचं खाणं, जागरणं. धाकटी बहीण १७ वर्षांची आहे, तिलाही असंच दुखतं, आई म्हणते बाईच्या जातीला एवढं सोसावंच लागतं, लग्न झालं की थांबतं. – पोटदुखीला कंटाळलेली"

अगं कंटाळलेली, आधी एक काम कर, गोळी सोडू नकोस. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नको, आणि पुढे सोडायचीच ठरली तर ज्यांनी लिहून दिली त्यांना सांगून सोड, इन्स्टावर विचारून नाही.

जुन्या वाचकांना माहितीय की मी डॉक्टर नाही, कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते आणि इम्युनॉलॉजीचा पेपर माझ्याकडे असतो, त्यामुळे यामागचं सायन्स मी तुला सांगू शकते, पण तुझ्या सिस्टचं काय करायचं ते तुझ्या गायनॅकच सांगणार. आणि उत्तर लांबणार आहे, कारण त्या कोचचं अर्धं बरोबर आहे. पूर्णच चुकलं असतं तर दोन ओळींत काम झालं असतं.

सुरुवात थोडी मागून करते. एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखे कण गर्भाशयाच्या बाहेर वाढणं, आणि ते बाहेर जातात कसे हा जुना प्रश्न. अमेरिकेत ऑल्बनीला जॉन सॅम्पसन नावाचे सर्जन होते, त्यांनी १९२७ मध्ये मांडलं की पाळीचं रक्त सगळंच खाली जात नाही, थोडं गर्भाशयाच्या बाजूच्या नळ्यांमधून उलटं ओटीपोटात सांडतं, त्याबरोबर गर्भाशयाच्या अस्तराचे कण जातात आणि ते तिथेच रुजतात. अजूनही बहुतेक पुस्तकांत हेच पहिलं कारण दिलेलं असतं. पण १९८४ मध्ये काही संशोधकांनी पाळीच्या दिवसांत दुर्बिणीतून बघितलं तेव्हा ज्यांच्या नळ्या उघड्या होत्या अशा जवळपास ९० टक्के बायकांच्या पोटात रक्त सापडलं, आजार असो वा नसो. म्हणजे रक्त उलटं जाणं हे जवळजवळ सगळ्यांनाच होतं आणि एंडोमेट्रिओसिस मात्र साधारण दहातल्या एकीला. मग बाकीच्या नऊ जणींच्या पोटात ते कण गेले कुठे? ते साफ झाले, आणि साफ करणारी यंत्रणा म्हणजे इम्यून सिस्टीम. इम्युनॉलॉजीवाले या आजारात शिरले ते इथूनच.

१९९१ मध्ये बेल्जियममधल्या एका टीमने दाखवलं की या पेशंट्समधल्या नॅचरल किलर पेशी, ज्यांनी असे भरकटलेले कण मारायचे असतात, त्या ढिल्या पडलेल्या असतात. तुझी कोच "इम्युनिटी कमी" म्हणते ते बहुधा इथूनच उचललेलं असणार. पण ती तिथेच थांबली, संशोधन नाही थांबलं. त्याच ओटीपोटात मॅक्रोफेज नावाच्या पेशी मात्र कमी नाहीत तर जास्तच असतात आणि त्या चांगल्याच कामात असतात. यांचं काम काय, तर मेलेल्या पेशी, रक्त, जंतू गिळून टाकायचे. इथे होतं असं की कचरा उचलायला आलेली माणसं त्याच जागेवर बांधकामाला लागतात, म्हणजे या पेशी कण गिळायचे सोडून असे सिग्नल सोडतात की त्या कणांना नव्या रक्तवाहिन्या फुटतात, बारीक नसा तिकडे वाढत येतात आणि आजूबाजूला चिवट धाग्यांचं जाळं तयार होऊन आतडं, ओव्हरी, गर्भाशय एकमेकांना चिकटतात. २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या एका टीमने उंदरांमध्ये आणखी बारकाईने बघितलं तर अस्तराबरोबर आलेल्या मॅक्रोफेज आजार वाढवत होत्या आणि रक्तातून नव्याने येणाऱ्या मॅक्रोफेज उलट तो रोखत होत्या. एकाच नावाच्या पेशी आणि काम विरुद्ध! आता यातली कुठली इम्युनिटी "बूस्ट" करायची ते त्या कोचला विचार. तुझी इम्युनिटी कमी नाहीये गं, ती भलत्या कामाला जुंपली गेलीय, आणि पेटवून ती वळणावर येत नाही.

(किलर पेशी आधी ढिल्या पडल्या म्हणून आजार झाला की आजारामुळे त्या ढिल्या पडल्या, यावर अजून वाद चालू आहे, कारण बायका तपासायला येतात तेव्हा आजार होऊन वर्षं उलटलेली असतात. उंदरात क्रम लावता येतो, माणसात अवघड आहे.)

मग ऑटोइम्युन म्हणायचं का? नाही. ऑटोइम्युनमध्ये शरीर स्वतःच्याच चांगल्या भागावर हल्ला करतं, संधिवातात सांध्यावर, काही थायरॉईडच्या आजारांत थायरॉईडवर. इथे ज्याच्यावर हल्ला व्हायला हवा तेच वाचतंय. काही पेशंट्सच्या रक्तात स्वतःविरुद्धच्या अँटिबॉडीज सापडतात हे खरं, पण आजार त्यांच्यामुळे होतो असं सिद्ध झालेलं नाही. नातं मात्र आहे. २०२५ मध्ये ऑक्सफर्डच्या टीमने यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या लोकांच्या आरोग्य-नोंदींच्या साठ्यातली माहिती चाळून सांगितलं की एंडोमेट्रिओसिस असलेल्या बायकांमध्ये संधिवात, मल्टिपल स्क्लेरॉसिस, सिलिअॅक, सोरायसिस असे आजार असण्याची शक्यता ३० ते ८० टक्क्यांनी जास्त असते, आणि संधिवाताशी तर काही जीन्सही सामाईक आहेत. हा आकडा वाचून घाबरू नकोस, संधिवात मुळात शंभरात जेमतेम एकीला होतो, त्यात ८० टक्के वाढ धरली तरी दोनच्या आतच. त्यातून घ्यायचं ते एवढंच की सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे तासभर आखडलेले राहायला लागले किंवा सुजले तर "बँकेत टायपिंग फार होतं" असं म्हणून सोडून देऊ नकोस, दाखवून ये. (पतसंस्था लिहिलंयस, बँक नाही, पण टायपिंग तेच.)

आता तुझा सीआरपी. प्रश्न खरंच चांगला विचारलास, माझ्या वर्गात कुणी विचारला असता तर मी खूश झाले असते. सीआरपी लिव्हरमध्ये बनतो, रक्तात आयएल-६ नावाचा सिग्नल पुरेसा पोचला की लिव्हर तो सोडतं, म्हणून न्यूमोनियात तो चढतो. तुझा दाह, म्हणजे इन्फ्लमेशन, रक्तभर पसरलेला नाही, तो ओटीपोटाच्या तळाशी गर्भाशयाच्या मागच्या खोलगट भागात जे काही चमचे पाणी साचलेलं असतं त्यात आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये ते पाणी काढून तपासलं की त्यात मॅक्रोफेज जास्त, आयएल-६, आयएल-८, टीएनएफ, प्रोस्टाग्लँडिन असे दाहाचे सिग्नल सगळे जास्त सापडतात आणि त्याच वेळी हातातून काढलेल्या रक्तात सीआरपी अगदी नॉर्मल असू शकतो. म्हणून सीआरपी नॉर्मल म्हणजे दुखणं मनाचं, असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नकोस, आणि वाढलेला आला असता तरी एंडोमेट्रिओसिसचं त्यातून काही ठरलं नसतं. ओव्हरीच्या कॅन्सरसाठी करतात त्या सीए-१२५ या रक्ततपासणीचंही तेच, २०२२ च्या युरोपियन गाईडलाईनमध्ये स्पष्ट म्हटलंय की निदानासाठी ती टेस्ट वापरू नका, तरी आपल्याकडे फॅमिलीत कुणी सुचवलं की लोक लॅबमध्ये जाऊन करून येतात आणि मग कॅन्सरच्या भीतीने आठवडाभर झोपत नाहीत.

चॉकलेट सिस्टचंही सांगते. ती दाट तपकिरी चॉकलेटसारखी दिसते कारण आत जुनं रक्त साठलेलं असतं. रक्त म्हणजे लोह आलं, आणि हे मोकळं झालेलं लोह आजूबाजूच्या पेशींना सतत जाळत राहतं, मॅक्रोफेज ते गिळतात आणि आणखी चिडतात. म्हणजे दाह पेटता ठेवायला सरपण आतच भरलेलं आहे, बाहेरचा वडापाव लागत नाही त्याला.

आणि आता तो मुद्दा ज्याच्यासाठी मी एवढं सगळं लिहिलं. हार्मोनची गोळी फक्त लक्षणं दाबते, हे वाक्य ऐकायला फार पटतं पण ते चूक आहे. या भरकटलेल्या अस्तरात अॅरोमटेज नावाचं एन्झाइम असतं, त्याच्या जोरावर ते इस्ट्रोजेन हे हार्मोन स्वतःच बनवतं. इस्ट्रोजेन वाढलं की प्रोस्टाग्लँडिन ई-२ वाढतं, आणि प्रोस्टाग्लँडिन वाढलं की ते अॅरोमटेज वाढवतं, म्हणजे पुन्हा इस्ट्रोजेन. हे चक्र एकदा सुरू झालं की स्वतःच स्वतःला फिरवत राहतं. भरीला प्रोजेस्टेरॉन, जे एरवी हा दाह आवरतं, त्याचं हे अस्तर नीट ऐकत नाही. डायनोजेस्ट हे प्रोजेस्टेरॉनच्याच घराण्यातलं औषध आहे, ते इस्ट्रोजेन खाली आणतं, बीज सुटणं थांबवतं, पाळी थांबली की नवं रक्त उलटं जाणं थांबतं, आणि अभ्यासांत दिसलंय की दाहाचे सिग्नल आणि नसा वाढवणारे घटकही त्याने उतरतात. हार्मोन वेगळं आणि इन्फ्लमेशन वेगळं असं या आजारात नाहीच मुळी. तुझी कोच जे मूळ कारण म्हणतेय त्याच्यावरच तू दोन वर्षं रोज रात्री गोळी घेतेयस. गोळीने आजार मुळापासून जातो का? नाही जात, बंद केली की बऱ्याच जणींचा परत येतो, आणि मूल हवं असेल तेव्हा ती थांबवावीच लागते, ही तिची खरी मर्यादा आहे आणि तिच्याबद्दल चिडायला तुला पूर्ण हक्क आहे.

तू म्हणशील, मग थेट इम्युनिटीवरच औषध का नाही देत? दिलं होतं गं. टीएनएफ अडवणारी औषधं संधिवातात इतकी चालतात की इथेही चालतील असं वाटलं, बबून माकडांत चाललीही. मग बेल्जियममध्येच त्यातलं इन्फ्लिक्सिमॅब नावाचं औषध देऊन बघितलं, २००८ मध्ये निकाल छापला, खोलवर पसरलेला आजार असलेल्या वीसेक बायका, काहींना औषध आणि काहींना नुसतं सलाईन. दुखणं दोन्हीकडे सारखंच कमी झालं. ट्रायल लहान होती हे कबूल, पण दुखण्यात नुसत्या उपचाराच्या भरवशानेही किती फरक पडतो ते त्यातून कळतं, आणि कोचच्या पेजवरचे "माझं दुखणं ४० टक्के कमी झालं" वाले रिव्ह्यू वाचताना ते सलाईन आठव. बोस्टनमध्ये १२ ते २५ वयाच्या मुलींना व्हिटॅमिन डी देऊन बघितलं होतं, त्यांचं दुखणं कमी झालं, आणि ज्यांना नुसत्या खोट्या गोळ्या दिल्या होत्या त्यांचंही जवळजवळ तेवढंच.

जपानची बातमी खरी आहे. नागोया युनिव्हर्सिटी, २०२३. गर्भाशयाच्या अस्तरात फ्युजोबॅक्टेरियम नावाचा जंतू बघितला, एंडोमेट्रिओसिस असलेल्या ६४ टक्के बायकांत सापडला आणि नसलेल्यांत १० टक्क्यांहूनही कमी. हा तसा हिरड्यांच्या आजारात सापडणारा जंतू, आमच्या लॅबवाल्यांच्या ओळखीचा. उंदरांना अँटिबायोटिक दिल्यावर त्यांचे गोळे कमी झाले. मलाही वाचताना मजा आली होती, मायक्रोबायोलॉजीवाली आहे, जंतू सापडला की आमचे कान टवकारतात. पण एकूण दीडेकशे बायका, एकच देश, आणि उपाय झाला तो उंदरात. तिथे जंतू आधी आला की बिघडलेल्या जागेत नंतर येऊन राहिला हेही ठरायचंय. अँटिबायोटिक मागू नकोस. आपल्याकडे मेट्रोनिडाझोलसारखं अँटिबायोटिक मेडिकलमध्ये मागितलं की मिळतं म्हणून जास्त बजावून सांगतेय, अंदाजाने कोर्स घेतलास तर पोटातले चांगले जंतू जातील आणि उरलेले निर्ढावतील, बाकी हाती काही नाही.

गुळवेलीबद्दल माझं मत कडक आहे. कोविडच्या काळात घरोघरी काढे चालले होते तेव्हा मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केसेस छापल्या, गुळवेल घेतलेल्या पेशंट्सना कावीळ झाली होती आणि लिव्हरचा तुकडा तपासला तर तो ऑटोइम्युन हेपॅटायटिससारखा दिसत होता. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, वाद झाला, पुढे आणखी शहरांतून अशाच केसेस आल्या. आता गंमत बघ, जी बाई तुला सांगतेय की तुझा आजार ऑटोइम्युन आहे तीच तुला इम्यून सिस्टीम चाळवणारी वेल देतेय, म्हणजे तिचंच खरं मानलं तरी ते उलटंच पडतं. हळद आमटीत घाल हवी तेवढी, पण मिरी घातलेल्या जास्त पॉवरच्या हळदीच्या कॅप्सूलनेही लिव्हरला इजा झालेल्या केसेस आहेत. आणि दूध बंद अजिबात नको. डायनोजेस्टने इस्ट्रोजेन खाली राहतं, त्याचा थोडा परिणाम हाडांवर होऊ शकतो, अशा वेळी कॅल्शियम तोडायचं? अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या पाहणीत तर दूध-दही जास्त खाणाऱ्यांमध्ये हा आजार थोडा कमीच आढळला होता. गहू बंद करून पोट हलकं वाटत असेल तर महिनाभर ज्वारी-नाचणी खाऊन बघ, तुमच्याकडे भाकरी काय कमी मिळते, त्याला २२ हजार कशाला.

ते उरलेलं दुखणं आणि स्पॉटिंग मात्र सोसत बसू नकोस. डायनोजेस्टवर स्पॉटिंग बऱ्याच जणींना होतं, पण सांगितलंच नाहीस तर डॉक्टर धरून चालणार की सगळं ठीक आहे. दुखण्याचं असं की वर्षानुवर्षं नसा चिडलेल्या राहिल्या की नंतर आग कमी झाली तरी त्या ओरडत राहतात. २०२४ मध्ये बोस्टनच्या एका टीमने उंदरांत दाखवलं की दुखण्याच्या नसा सीजीआरपी नावाचा सिग्नल सोडून मॅक्रोफेजना बिघडवतात आणि मायग्रेनची काही औषधं तो सिग्नल अडवून दुखणं कमी करतात. माणसांसाठी हे अजून औषध झालेलं नाही, पण तुला काय होतंय ते समजायला उपयोगी आहे. पुढच्या व्हिजिटला एका कागदावर लिहून ने: दुखणं कधी, संडासच्या वेळी का, संबंधाच्या वेळी का, लघवी करताना का, आणि स्पॉटिंगच्या तारखा. हाडांची काळजी काय घ्यायची ते विचार, मूड खाली जात असेल तर तेही सांग, आणि ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी आपल्या भागात कोण करतं ते विचार. सिस्टची सोनोग्राफी शेवटची कधी झाली तेही बघ.

राहिलं तुझं रात्रीचं. जुळ्या बहिणींच्या अभ्यासांतून निघालंय की या आजाराचा धोका साधारण निम्मा जीन्समधून येतो. २०२३ मध्ये साठ हजारांहून जास्त पेशंट्सचे जीन्स तपासून या आजाराशी संबंधित ४२ जागा सापडल्या, त्यातल्या बऱ्याच दुखण्याच्या इतर आजारांशी, मायग्रेन आणि पाठदुखीशी जोडलेल्या आहेत. आपल्याकडे परळची आयसीएमआरची संस्था, एनआयआरआरसीएच, भारतीय बायकांवर असाच अभ्यास करतेय, कारण आतापर्यंतचे बहुतेक नमुने गोऱ्या आणि जपानी बायकांचे. होस्टेलची मेस या ४२ जागांत नाही. तुझ्याबरोबर त्याच मेसमध्ये जेवलेल्या, तशीच जागरणं केलेल्या बाकीच्या मुलींच्याही पोटात दर महिन्याला रक्त उलटं गेलंय, त्यांचं साफ झालं, तुझं नाही. यात तू काही केलेलं नाहीस.

आणि हेच जीन्सवालं बहिणीच्या बाबतीत कामाचं आहे. सख्खी बहीण, १७ वर्षं, तसंच दुखणं, म्हणजे तिला आजार आहेच असं नाही, पण थांबून बघायचंही कारण नाही. निदानाला जगभर चार ते बारा वर्षं लागतात आणि त्यातली बरीचशी "एवढं दुखतंच" यात जातात. आईंशी भांडू नकोस, त्यांनीही बहुतेक तसंच काढलं असणार आणि त्यांना कुणी विचारलंही नसेल. एकदा आईंनाच नीट विचार की तुम्हाला किती दुखायचं, आणि मग दोघींना घेऊन तुझ्याच डॉक्टरांकडे जा, कॉलेज किती बुडतं, उलट्या होतात का, हे आईंच्या समोर निघू दे. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी पोटाच्या आतल्या पातळ पडद्यावर पसरलेले आजाराचे बारीक डाग त्यात दिसत नाहीत हे लक्षात ठेव. आणि आता दुर्बिणीचं ऑपरेशन करून खात्री झाल्याशिवाय उपचार नाहीत असंही राहिलेलं नाही, लक्षणांवरून गोळी सुरू करता येते.

तोपर्यंत ती पाळीच्या दुखण्यावर मेफ्ताल घेत असेल तर दोन गोष्टी सांग तिला. ती गोळी प्रोस्टाग्लँडिन बनणंच थांबवते, त्यामुळे दुखणं खूप वाढेपर्यंत दात आवळून बसून मग घेण्यात अर्थ नाही, सुरू होताच काहीतरी खाऊन घ्यायची, डोस डॉक्टर सांगतील तेवढाच. आणि घेतल्यानंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं असं झालं तर लगेच बंद करून दाखवायचं, कारण २०२३ च्या शेवटी इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफ्तालमधल्या मेफेनॅमिक अॅसिडबद्दल ड्रेस नावाच्या रिअॅक्शनचा इशारा दिलाय, क्वचित होते पण गंभीर असते.

ता.क. कोचला अॅडव्हान्स भरला असशील तर परत माग, स्क्रीनशॉट काढून ठेव. विशेषतः तो "गोळी हळूहळू सोडा" वाला मेसेज.